पान हाताला टोचलं की माशालाही टोचणार

प्रश्न : आमच्याकडे दोन फुटी फिश टँक आहे, त्यात तीन गोल्डफिश आहेत. मुलीच्या टेबलावर छोट्या टँकमध्ये एक फायटर मासा आहे. तीनदा खरी झाडं आणून लावली, तिन्ही वेळा गोल्डफिशनी उपटून खाल्ली. आता प्लास्टिकची घ्यायचं ठरलंय. दुकानात गुलाबी, केशरी, निळी, सगळ्या रंगांची आहेत. रंग पाण्यात उतरतो का? माशांना अपाय होतो का? नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बाकी बोअरवर भागवतो.
– एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, खरी झाडं जगली नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका. खडे उकरणं आणि पाला खाणं हा गोल्डफिशचा स्वभावच आहे. त्यांच्यासाठी प्लास्टिकची झाडं घ्या, पण घेताना ती डोळ्यांनी नाही, हातानं निवडा.

हे मी एका फायटरचं नुकसान करून शिकले. पहिलं झाड आणलं ते लांबून फार सुरेख दिसत होतं, बारीक सुयांसारखी हिरवीगार पानं. दोन दिवसांनी सकाळी दाणे टाकायला गेले तर फायटरच्या निळ्या शेपटीला दोन उभ्या चिरा. आधी वाटलं रोग आहे, औषध आणलं. मग झाड बाहेर काढून बोटांत धरलं. पानांची टोकं साच्यातून निघताना राहिलेल्या कंगोऱ्यांसकट तशीच होती, अंगठ्याला कचकन टोचली. फायटरचा पर ओल्या टिश्यू पेपरसारखा असतो, त्याला एवढं पुरतं. स्वच्छ पाण्यात शेपटी हळूहळू भरून आली, पण ती सकाळ मी विसरले नाही.

तेव्हापासून दुकानात जाताना जुन्या जॉर्जेटच्या ओढणीचा एक तुकडा पर्समध्ये ठेवते. झाडावरून तो खालून वर, वरून खाली अलगद ओढायचा. धागा अडकला तर झाड जागच्या जागी परत. दुकानदार बघत राहतात, बघू द्या.

फायटरसाठी सिलिकॉनचं किंवा कापडी झाड घ्या. सिल्कचं म्हणून विकतात ते बहुतेक पॉलिस्टरचं कापड असतं, पण मऊ असतं. एखादं रुंद पान पाण्याच्या वरच्या थराजवळ येईल असं बघा. फायटर वर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे वरच्या पानावर टेकून पडायला त्याला आवडतं. मुलीला पहिल्यांदा तो तसा आडवा दिसला तर ती घाबरेल, म्हणून आधीच सांगून ठेवा.

गोल्डफिशच्या टँकमध्ये मात्र कापडी झाड नको. ते दिवसभर तोंड मारतात, कापडाचे धागे सुटतात आणि पोटात जातात. त्यांना जाड, गुळगुळीत प्लास्टिकची दोन-तीन उंच झाडं मागच्या काचेला लावा आणि पुढे पोहायला जागा मोकळी सोडा. तुमच्या गोल्डफिशमधला एखादा बटबटीत डोळ्यांचा असेल तर टोकदार काहीच ठेवू नका, त्याचा डोळा सहज दुखावतो.

आता रंग. पांढऱ्या टबमध्ये कोमट पाणी घ्या, झाड रात्रभर बुडवा, सकाळी पांढऱ्या सुती फडक्यानं पानं चोळा. पाण्याला किंवा फडक्याला रंग लागला, उग्र वास आला, तर ते झाड टँकमध्ये जाता कामा नये. माझ्या अनुभवात गडद गुलाबी आणि लालच जास्त दगा देतात. दिवाळीच्या तोरणातली, फुलदाणीतली फुलं तर अजिबात नकोत, ती पाण्यात ठेवायला बनवलेलीच नसतात. देठ वाकवून बघा. आत तार असेल तर कापलेल्या टोकाशी ती उघडी पडते आणि गंजते. बुडाला शिशाची पट्टी गुंडाळलेली असेल तर काढून टाका आणि झाड नायलॉनच्या दोरीनं गुळगुळीत दगडाला बांधा. नुसतं खड्यांत खोचलेलं गोल्डफिश दुसऱ्या दिवशी वर आणतील.

तुम्ही विचारलं नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं हे आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. खरं झाड त्यातला काही भाग शोषून घेतं, प्लास्टिकचं झाड घेत नाही. ते काम आता तुमच्या हातांना करावं लागेल. दोन फुटी टँकमध्ये साधारण पन्नास लिटर पाणी मावतं आणि तीन गोल्डफिश त्याला जास्तच होतात. म्हणून दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदला. नळ येईल तोच दिवस धरा, पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. टँकरचं असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकाच. काढलेलं पाणी मोगऱ्याला घाला, असं खत विकत मिळत नाही.

पाण्याची टंचाई मला माहीत आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी माझे गोल्डफिश नांदेडला बहिणीकडे पोचवले होते. पाणी बदलणं जमणार नसेल तर मासे कमी करा, झाडं वाढवू नका.

बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरा थर बसेल, ते क्षार आहेत. झाड अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, कोऱ्या टूथब्रशनं घासा, खळखळून धुवा. साबण कधीच नाही. आणि सगळी झाडं एकाच दिवशी धुऊ नका. पानांवरच्या बुळबुळीत थरातही अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, ते एकदम गेले तर पाणी बिघडतं. खऱ्या झाडांसाठी ठेवत होता तितका उजेडही आता नको. दिवसाला सहा तास दिवा पुरे, शेवाळ कमी धरेल.

प्रश्न : डासांसाठी आरोग्य खात्यानं हौदात गप्पी मासे सोडले होते, त्यातले काही मी टँकमध्ये ठेवलेत. पिल्लं होतात, पण मोठे मासेच ती खातात. नकली झाडांचा उपयोग होईल का?
– एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, नक्की होईल. बारीक पानांचं, दाट आणि मऊ झुडूप घ्या, त्याचं जड बूड काढा आणि पाण्यावर तरंगत सोडा. नुकतं जन्मलेलं पिल्लू वरच्या थराकडे धावतं, त्याला तिथेच आसरा हवा. पानांची जाळी इतकी दाट हवी, की तुमची करंगळी आत शिरताना अडावी. मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं की झुडूप आदल्या दिवशीच सोडून ठेवा.