टूरवरून परत आलेला मुलगा आठ दिवस नुसता झोपून असतो

"मॅडम, दीड महिना गावोगाव फिरून आलाय आणि आल्यापासून एक वाक्य धड बोललेला नाही. दिवसभर झोपतो, रात्री दोनला उठून फ्रीज उघडून उभा राहतो. व्यसन तर नसेल ना हो लागलं?"

हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच आयांनी विचारलाय. पुण्यात आता मोठे कॉन्सर्ट होतात, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कोथरूडला दिलजीत दोसांझचा झाला तेव्हा तर सगळ्या शहरात तोच विषय होता. पण स्टेजमागे राबणारी बरीचशी पोरं आपल्याच घरांतली असतात, धायरीची, हडपसरची, पिंपरीची, आणि घरच्यांना विचारलं की मुलगा करतो काय तर उत्तर येतं, "ते साउंडचं काहीतरी." म्हणून ही एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि माय-लेक दोघांना विचारूनच लिहितेय.

मुलगा सत्तावीसचा, एका लोकप्रिय गायकाच्या टूरवर मॉनिटर इंजिनिअर. आई आधी एकट्याच आल्या. पुढच्या आठवड्यात तो आला, तोही "आईला बरं वाटावं म्हणून". मी त्याला टूरबद्दल एवढंच विचारलं की दिवस कसा जातो ते सांग, आणि जो मुलगा घरी हं-हं करायचा तो पाऊण तास बोलला.

सकाळी सहा-सातला लोड-इन, म्हणजे ट्रक रिकामे करायचे. आधी रिगिंगवाले मोटर लावून ट्रस, म्हणजे लाइट-स्पीकर टांगायचे धातूचे सांगाडे, वर घेणार, मग लाइट, मग एलईडी वॉल, मग साउंड, प्रत्येकाला आपला नंबर लागेपर्यंत थांबायचं आणि नंबर लागला की पळायचं. दुपारी लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक-वायर चालते का ते बघायचं, मग साउंडचेक, संध्याकाळी गेट उघडतात. उघड्या मैदानात रात्री दहानंतर सहसा लाउडस्पीकरला बंदी असते, त्यामुळे शो साधारण दहाला आटपतो आणि लोकांना वाटतं संपलं. यांचं तेव्हा लोड-आउट, म्हणजे सगळं उतरवून परत ट्रकमध्ये भरणं, सुरू होतं. दोन-तीन वाजता शेवटची पेटी ट्रकमध्ये चढते, मग जेवण, मग बस, आणि पुढचं शहर. दीड महिना रात्री दोनला जेवलेलं पोट घरी आल्यावर रात्री दोनलाच भूक मागणार, त्यात नवल काय? आईंना हे सांगितलं तेव्हा त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "मी त्याला ओरडले हो त्यावरून."

पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते त्याचं शोमधलं काम. गायकाच्या कानात इअरफोन असतात, त्यात त्याला स्वतःचा आवाज किती, ड्रम किती, कीबोर्ड किती ऐकू येणार ते हा ठरवतो. स्टेजच्या कडेला उभं राहून दोन तास नजर फक्त एका माणसावर. त्याने बोट वर केलं की आवाज वाढवायचा, खाली केलं की कमी, कानाकडे हात नेला की काहीतरी बिघडलंय. समोर हजारो लोक नाचत असतात आणि हा एका बोटाकडे बघत असतो. सगळं नीट झालं तर कुणाला पत्ता नाही, चुकलं तर गायक सगळ्यांसमोर याच्याकडे वळून बघतो. त्याच्या आईने मला सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हा कळली, जेवताना त्यांनी भाजी हवी का म्हणून नुसता हात वर केला तर हा दचकून ताटावरून उठलाच होता. त्यांना वाटलं चिडला. चिडला नव्हता, तो अजून स्टेजच्या कडेलाच उभा होता.

महिना-दीड महिना शरीर असं ताणून धरलं की काम थांबल्यावर ते कोसळतं. टूरवाली माणसं याला पोस्ट-टूर डिप्रेशन म्हणतात, पण दर वेळी ते डॉक्टरी अर्थाने डिप्रेशन असतंच असं नाही. झोप भरून काढायची असते, आणि एकदम शांतता अंगावर येते. रोज चाळीस-पन्नास जणांबरोबर जेवलेला माणूस एकटा खोलीत असतो, त्याला कुणी शेड्यूल देत नाही, कुणाला त्याची अर्जंट गरज नसते. शिवाय पुढचं काम कधी येईल ते माहीत नसतं, कारण बहुतेक सगळे पर-शोवर, शो नाही तर पैसे नाहीत. 2022 मध्ये गायक शॉन मेंडिसने मानसिक आरोग्यासाठी जगभरची टूर रद्द केली, योग्यच केलं. पण टूर रद्द झाली की स्टेजमागच्या सगळ्या क्रूचंही काम जातं. आणि साउंडच्या पोराने "मला जमत नाहीये" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो, मला हे फार लागतं.

व्यसनाचं मी त्याला सरळ विचारलं. आडून विचारलं की मुलं बंद होतात, हा माझा अनुभव आहे. म्हणाला, लोड-आउटनंतर झोप यावी म्हणून दोन बिअर, आणि घरी आल्यावरही त्याशिवाय डोळा लागत नाही. व्यसन झालेलं नव्हतं, पण दार उघडं होतं, ते मी त्याला तसंच सांगितलं.

आणि मग दुसऱ्या सेशनला एक गोष्ट लक्षात आली, खरं तर पहिल्यालाच यायला हवी होती. तो खुर्चीत तिरका बसायचा, उजवा कान माझ्याकडे करून. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजले की माझं वाक्य त्याला परत सांगावं लागायचं. मी विचारलं, डाव्या कानाचं काय? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "शिट्टी वाजते. चार महिने झाले. घरी टीव्ही आणि मिक्सर एकदम चालू असला की आई काय बोलते ते कळतच नाही, म्हणून खोलीत जाऊन पडतो." कुणाला सांगितलं का? "कान गेलेत असं कळलं तर मला काम कोण देईल, मॅडम?"

पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तासच सोसतो, शंभरला ती मर्यादा पंधरा मिनिटांवर येते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. तरी गेला नव्हता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी पाठवलं, ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणीत, डाव्या कानाचा आलेख चार हजार हर्ट्झपाशी खाली उतरलेला, म्हणजे तेवढे उंच स्वर त्याला कमी ऐकू येत होते. गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं नक्की वाचवता येतं. कानाच्या मापाचे इअरप्लग करून घेतले, आणि त्याने सिस्टीम इंजिनिअर मित्राला, म्हणजे प्रेक्षकांकडचे स्पीकर सांभाळणाऱ्याला, सांगितलं, त्यालाही शिट्टी ऐकू येत होती.

आईंना मी सांगितलं, आल्यावर पहिले दोन-तीन दिवस प्रश्न नकोत, रात्रीसाठी डबा झाकून ठेवा, बोलायचं असेल तेव्हा मिक्सर बंद करून समोर बसून बोला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिवसाउजेडी घराबाहेर काढा, भाजी आणायला का होईना. पण दोन आठवडे उलटूनही मन कशातच लागत नसेल, दारूशिवाय झोप नसेल तर डॉक्टरांकडे न्या, आणि "जगून काय करू" असं काही तोंडातून निघालं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढचा शो पुण्यातच होता. दुपारी साउंडचेकला तो आईला घेऊन गेला, आधी तिच्या कानात प्लग घातले आणि मग आत नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन. गायकाबद्दल एक शब्द नाही. म्हणाल्या, "मॅडम, भर उन्हात काळ्या पेट्यांवर पोरं झोपली होती हो, बूट घालून. एकाच्या हातात अर्धी पोळी तशीच होती. मी याला म्हटलं, उद्या सगळ्यांना घरी घेऊन ये जेवायला. तर म्हणाला, उद्या नको, आधी झोपू दे."