‘फुल मेटल पॅनिक!’ बघताना ‘फुमोफ्फू’ गाळली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फुल मेटल पॅनिक!’ या जपानी ॲनिमे मालिकेचा पहिला सीझन संपला, रोबोंच्या लढाया आवडल्या, शाळेतला प्रेमाचा गोंधळ तेवढा नाही, मग शाळेतल्या विनोदांची ‘फुमोफ्फू’ सोडून थेट तिच्या पुढची ‘द सेकंड रेड’ लावली तर काही बिघडेल का?

कथानकाचं म्हणाल तर काडीचंही बिघडणार नाही. ‘फुमोफ्फू’च्या बारा भागांत मूळ गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. तरीही गाळू नका. हे मी ठामपणे सांगतोय, कारण मी स्वतः हेच केलं होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर एका सिनियरच्या हार्ड डिस्कवरून ही मालिका हाती लागली. पहिले चोवीस भाग दोन रात्रींत संपवले. मग ‘फुमोफ्फू’ उघडली तर पडद्यावर टोपी आणि बो-टाय घातलेला, कुत्रा की अस्वल हे न कळणारा एक गुबगुबीत प्राणी. म्हटलं, हे लहान मुलांचं असणार. बंद केलं आणि ‘द सेकंड रेड’ लावली. आवडली, पण ‘छान ॲक्शन आहे’ यापलीकडे गेली नाही. पुढे नोकरी लागल्यावर सगळं क्रमाने पाहिलं, तेव्हा त्याच ‘सेकंड रेड’मधल्या एका केस कापायच्या प्रसंगाला घशात आवंढा आला. पहिल्या वेळी तो प्रसंग मी बहुतेक पुढे ढकलला होता. त्या प्रसंगाकडे नंतर येतो.

आधी सोस्के सागारा. अफगाणिस्तानच्या डोंगरात बंदूक हातात घेऊनच वाढलेला मुलगा. आता ‘मिथ्रिल’ या कुठल्याच देशाची नसलेल्या गुप्त दहशतवादविरोधी फौजेत सार्जंट. या गोष्टीतल्या जगात शीतयुद्ध संपलेलंच नाही, सोव्हिएत संघ शाबूत आहे, चीनचे दोन तुकडे झालेत. कानामे चिदोरी नावाच्या एका मुलीच्या डोक्यात, तिला स्वतःलाही न कळता, काळाच्या पुढचं तंत्रज्ञान दडलंय आणि त्यासाठी बरेच लोक तिच्या मागे आहेत. तिच्या रक्षणासाठी सोस्के तिच्याच वर्गात दाखल होतो. शाळेचं नाव जिंदाई, टोकियोच्या चोफू भागातल्या खऱ्याखुऱ्या जिंदाई हायस्कूलवर बेतलेली.

या मुलाला लढाईतलं सगळं कळतं, शांततेतलं काही म्हणजे काही कळत नाही. मालिकेतला प्रत्येक विनोद यातूनच निघतो.

‘फुमोफ्फू’चा पहिलाच भाग घ्या. जपानी शाळेत दारातच बूट बदलायचे असतात, त्यासाठी प्रत्येकाचा छोटा कप्पा असतो. एका सकाळी सोस्के आपल्या कप्प्यासमोर थबकतो. कुणीतरी कप्पा उघडून पुन्हा बंद केलाय. आपण असतो तर फार तर कपाळावर आठी घातली असती. हा गडी शांतपणे स्फोटकं काढतो, लावतो आणि कप्प्यांची अख्खी रांग उडवून देतो. धूर विरल्यावर कळतं की आत बॉम्ब नव्हता, एका मुलीचं प्रेमपत्र होतं. अर्धवट जळालेल्या चिठोऱ्यांवरून सोस्केचा निष्कर्ष: ही धमकी आहे. मग कानामेचा तो प्रसिद्ध घड्या घातलेला कागदी पंखा, आणि त्याच्या टाळक्यात फाडकन.

हे पाहून मी खूप हसलो. पण जरा थांबून विचार केला की लक्षात येतं, सोस्केचं गणित चुकलेलं नाहीच. ज्या जगातून तो आला तिथे उघडून बंद केलेला कप्पा म्हणजे खरंच बॉम्ब. पहिला सीझन पाहून झालेल्या प्रेक्षकाला हे ठाऊक असतं. वर्गाची सहल ओकिनावाला निघाली तेव्हा विमानच पळवलं गेलं होतं! म्हणजे घाबरणं बरोबर, फक्त ठिकाण चुकलेलं. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष हायाशिमिझु हा तर नगच. तो या कार्ट्याला शाळेतून काढायचं सोडून त्याला ‘सुरक्षाविषयक प्रश्नांचा प्रभारी आणि अध्यक्षांचा सहायक’ असं मंत्रालयात शोभेल असं पद देऊन टाकतो.

तो गुबगुबीत प्राणी म्हणजे बोंता-कुन, एका करमणूक बागेचा शुभंकर. सोस्के त्याचा पोशाख घेऊन त्याचं चिलखत बनवतो. फक्त आतून बोललेला प्रत्येक शब्द बाहेर ‘फुमोफ्फू’ होऊन पडतो. म्हणजे हाही एक मेका, आत माणूस बसून चालवायचा रोबोच झाला की, माणसाच्या मापाचा. तुम्हाला लढाया हव्यात ना, एका भागात याकुझांच्या, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांच्या, भांडणात या पोशाखांची पलटण उतरते, ती बघा. आणि रग्बी संघाचा भाग चुकवू नका. चहा पीत फुलांबद्दल गोड बोलणाऱ्या मुलांना सोस्के लष्करी पद्धतीने तयार करतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, फक्त जेवताना बघू नका, ठसका लागेल.

आता रोबोंकडे वळतो, कारण तुमचा खरा जीव तिथे आहे. इथल्या यंत्रांना ‘आर्म स्लेव्ह’ म्हणतात. ‘गुंडाम’ या प्रसिद्ध ॲनिमेतल्या रोबोसारखा अठरा मीटरचा डोंगर नाही. सोस्केचं ‘आर्बालेस्ट’ साधारण साडेआठ मीटर, म्हणजे तीन मजली घराच्या आसपास. आत बसणारा माणूस खटके कमी दाबतो, अंग जास्त हलवतो. त्याने कोपर थोडंसं वाकवलं की यंत्राचं कोपर काही पटींनी जास्त वाकतं आणि ती पट आधी ठरवून ठेवता येते. म्हणून या लढाया यंत्रांच्या वाटतच नाहीत, दोन माणसं गल्लीत अंगावर आल्यासारख्या वाटतात. झाडीत दबा धरणं, अदृश्य होणं, मागून सुरा खुपसणं असा सगळा पायदळाचा खाक्या.

आणि मग येतो लॅम्डा ड्रायव्हर. हे यंत्र चालकाच्या मनातल्या इच्छेचं प्रत्यक्ष बळात रूपांतर करतं. माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात हुशार कल्पना हीच. सोस्केला आयुष्यभर शिकवलंय काय, तर मन बाजूला ठेवायचं. हत्यार कसं हवं, तर नियमावलीत लिहिल्याप्रमाणे दर वेळी तसंच चालणारं. आणि हातात आलंय असं यंत्र की मनात काही प्रबळ उठल्याशिवाय ते चालतच नाही. ‘द सेकंड रेड’मध्ये तो या आर्बालेस्टवर मनापासून वैतागलेला असतो, त्यातल्या बडबड्या संगणकावर तर फारच. आता सांगा, या पोराच्या मनात काही प्रबळ उठायला सुरुवात कुठे होते? त्या शाळेत. कागदी पंख्याचे फटके खाताना, गृहपाठ राहिला म्हणून धास्तावताना. ज्याला तुम्ही लढायांच्या मधली भरताड समजताय, तेच त्या यंत्राचं इंधन आहे.

आता तो केस कापायचा प्रसंग. सोस्केचे केस वाढलेत म्हणून कानामे त्याला सलूनमध्ये नेते. आपल्याकडे खुर्चीत मान मागे टेकली की निम्म्यांना डुलकी लागते. पण मागे कुणीतरी अनोळखी माणूस कात्री घेऊन उभा आहे, हे सोस्केच्या अंगाला सोसतच नाही. कात्री जवळ आली की हात आपसूक हत्याराकडे. शेवटी कानामेच त्याचे केस कापायला घेते. आणि ती कापत असताना तो झोपतो. गाढ.

बस, एवढंच. पार्श्वभूमीला कसलं भावनिक भाषण नाही, प्रेमाची कबुली नाही. पण ज्याने बुटांच्या कप्प्याचा स्फोट पाहिलाय त्याला कळतं की आत्ता काय घडलं. एका चिठ्ठीवर विश्वास न ठेवणाऱ्या मुलाने धारदार पातं मानेजवळ असताना डोळे मिटले. आणि याच्या पाठोपाठच मिथ्रिलचा हुकूम येतो: कानामेच्या रक्षणाचं काम थांबव, परत ये. ‘फुमोफ्फू’ न पाहता मी इथे पोचलो होतो तेव्हा मला ही फक्त बदलीची ऑर्डर वाटली होती.

हे इतकं जमून येण्यामागे एक साधं कारणही आहे: दोन्ही मालिका एकाच हातच्या. मूळ कादंबऱ्या शोजी गातो यांच्या, १९९८ पासूनच्या. पहिला सीझन गोंझो या स्टुडिओने केला. तो २००१ च्या शेवटाकडे यायचा होता, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विमान-अपहरणाची गोष्ट लगेच दाखवणं अवघड झालं आणि तो जानेवारी २००२ मध्ये आला. ‘फुमोफ्फू’ २००३ ची आणि ‘द सेकंड रेड’ २००५ ची, दोन्ही क्योतो ॲनिमेशनच्या, दोन्हींचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो. या स्टुडिओने मुख्य निर्माता म्हणून केलेली पहिली टीव्ही मालिका म्हणजे ‘फुमोफ्फू’च. तोवर ते प्रामुख्याने दुसऱ्यांची कामं करून देत. १८ जुलै २०१९ ला त्या स्टुडिओला आग लावली गेली, छत्तीस माणसं गेली, त्यांत ताकेमोतोही होते. त्यानंतर मी रग्बीचा भाग पुन्हा लावला होता. हसू आलंच, फक्त शेवटची नामावली पुढे ढकलली नाही.

क्रम सरळ आहे, जसं प्रसारित झालं तसंच: पहिला सीझन, ‘फुमोफ्फू’, ‘द सेकंड रेड’, मग २०१८ ची ‘इन्व्हिजिबल व्हिक्टरी’. काही जण सांगतात की ‘फुमोफ्फू’चे भाग पहिल्या सीझनच्या मध्ये पेरत बघा. इतका उपद्व्याप करू नका.

दोष सांगायलाच हवेत. पहिल्या सीझनमध्ये विनोद आणि रक्तपात यांचा सांधा बऱ्याच ठिकाणी खडखडतो, तुम्हाला शाळेचा भाग नकोसा वाटला त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. मुलींना चोरून बघण्याचे, अंतर्वस्त्रांचे विनोद त्या काळातही शिळे होते, आज तर जास्तच खटकतात. खलनायक गाउरोन क्रूर आहे आणि ‘सेकंड रेड’ काही ठिकाणी बरीच हिंसक आहे, तेव्हा घरात भाचेकंपनी असेल तर ती झोपल्यावर लावा. ‘इन्व्हिजिबल व्हिक्टरी’ दुसऱ्याच स्टुडिओची, झेबेकची. तिच्यातले संगणकावर केलेले रोबो मला कडक इस्त्री केल्यासारखे वाटले. पण तिचे पहिले काही भाग, जिथे युद्ध थेट शाळेच्या दारात येऊन उभं राहतं, ते मात्र चिरत जातात. तिथेही ‘फुमोफ्फू’ पाहिलेल्यालाच जास्त लागतं, कारण संकटात सापडतात ती त्याच वर्गातली तोंडओळखीची पोरं.

आणि ती मालिका गोष्ट पुरी न करताच थांबते, हे आधीच माहीत असू द्या. शेवट कादंबऱ्यांत आहे, मुख्य मालिका २०१० मध्ये पूर्ण झाली. २०२४ पासून गातोंनी याच पात्रांची पुढची गोष्टही सुरू केली आहे. तिचं नुसतं नाव शोधलंत तरी शेवट फुटेल, म्हणून सध्या गूगल करू नका.

‘फुमोफ्फू’चा पहिला भाग आज रात्री लावून बघा, पंचवीस मिनिटांचा मामला आहे. कप्पे उडाल्यावर हसू आलं नाही तर इथे खाली येऊन मला खुशाल शिव्या घाला.