पांढरा असो की निळा, कायद्याला रंग दिसत नाही

प्रश्न : वडील 1983 ते 2013 सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होते. मिक्सिंगला अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फोडायचे. आता एक जिना चढला तरी धाप लागते, डॉक्टरांनी अ‍ॅस्बेस्टॉसिस (अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) सांगितले आहे. कंपनी म्हणते, 'आमचा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस होता, त्यावर बंदी नाही. जुने रेकॉर्ड नष्ट झाले.' पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) शेवटपर्यंत कापला जायचा. काही करता येईल का?

उत्तर : बंदी नाही, हे खरे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानेही सरसकट बंदी घालायला नकार दिला. पण वापराला परवानगी म्हणजे आजाराला माफी नव्हे. व्यवसायजन्य रोगांच्या यादीत नुसते 'अ‍ॅस्बेस्टॉसिस' लिहिले आहे, रंग लिहिलेला नाही.

'रेकॉर्ड नष्ट झाले' हे उत्तर मात्र कंपनीलाच अडचणीत आणेल. 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याची नोंद रुजू झाल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यातली जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितले. वडिलांच्या बाबतीत पहिली 2023 ला संपते, दुसरी 2028 ला. म्हणजे नोंद 2028 पर्यंत असायलाच हवी. लेखी मागा, रजिस्टर पोस्टाने. तोंडी नकार कामाचा नाही. शिवाय औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात त्या कारखान्याचे तपासणी अहवाल मागा.

ईएसआय होता म्हणून मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालणार नाही. तिथे वर्षे घालवू नका. ईएसआय महामंडळाकडे व्यवसायजन्य रोगाचा अर्ज करा. विशेष वैद्यकीय मंडळ तपासून अपंगत्वाची टक्केवारी ठरवते आणि त्यावर दरमहा लाभ मिळतो. नाकारले तर कामगार विमा न्यायालय आहे. नोव्हेंबर 2025 पासून हे कायदे नव्या संहितांत गेलेत, म्हणून अर्जात जुना कायदा आणि नवी संहिता, दोन्हींचा उल्लेख ठेवा.

तुमच्या डॉक्टरांनाही एक आठवण करून द्या. कारखाने अधिनियमाच्या कलम 89 नुसार कारखान्यात काम करणाऱ्या 'किंवा पूर्वी केलेल्या' माणसाला असा आजार आढळला, तर मुख्य निरीक्षकांना कळवणे त्यांचे कर्तव्य होते. अनेक डॉक्टर 'जुनाट दमा' लिहून मोकळे होतात, आणि केस तिथेच बसते. केसपेपरवर कामाचे स्वरूप आणि वर्षे लिहून घ्या.

आणि ते धुळीचे कपडे घरी कोण धूत असे? आई असतील, तर त्यांच्याही छातीचा एक्स-रे काढा. वरचे लाभ त्यांना लागू नाहीत, पण तपासणी थांबवू नका.