नव्या तलंगा जुन्या कळपात सोडताना: भांडणाआधी रोगाचा विचार करा

ताई, तुमचं सगळं वाचलं. नाशिकच्या मखमलाबादला घरामागे पाच गावरान कोंबड्या जुन्या, आठवडे बाजारातून चार तलंगा (अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या) आणल्या, संध्याकाळी सरळ खुराड्यात सोडल्या, आणि सकाळी एकीच्या डोक्यातून रक्त, बाकी तिघी कोपऱ्यात दबलेल्या. आता परत देऊन टाकू का, असं तुम्ही विचारलंय. परत देऊ नका. चारही तलंगा आत्ताच बाहेर काढा आणि वेगळ्या ठेवा.

जखमेला नुसती हळद लावून भागत नाही, कारण रक्ताचा लाल रंग दिसत राहतो आणि लाल दिसलं की कोंबड्या तिथंच पुन्हा पुन्हा टोचतात. औषधाच्या दुकानात जेन्शन व्हायोलेट, ते जांभळं औषध मिळतं. जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवून ते लावा. डोळ्यात जाऊ देऊ नका. मात्र त्या तलंगेला एकटी ठेवू नका. बाकीच्या तिघी तिला टोचत नसतील तर चौघींना एकत्रच राहू द्या. एकटी पडलेली कोंबडी पुन्हा कळपात जाते तेव्हा तिला सगळ्यांचा मार एकटीनं खावा लागतो. म्हणूनच नवी कोंबडी आणायची तर एक कधीच आणू नये, किमान दोन-तीन आणाव्यात. ते तुम्ही नेमकं बरोबर केलंय.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. भांडण आज ना उद्या मिटतं, पण रोग आला तर अख्खं खुराडं रिकामं होतं. बाजारात एकाच डालग्यात पाच गावच्या कोंबड्या कोंबलेल्या असतात. त्यातल्या एकीला मानमोडी (राणीखेत) असली तर बाकीच्या वरून अगदी टवटवीत दिसतात आणि तरी रोग घेऊन घरी येतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी पंधरासुद्धा. हिरवट पातळ हगवण, चोच उघडी ठेवून श्वास, पंख खाली लोंबणं, मान पिरगळणं ही चिन्हं दिसेपर्यंत तुमच्या जुन्या पाचही जणी त्यांच्याबरोबर एकाच भांड्यात पाणी प्यायलेल्या असतात. जुनाट सर्दीचा, म्हणजे सीआरडीचा प्रकार तर आणखी फसवा. त्यातून बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून राहते. त्यामुळे ‘दिसायला चांगली होती’ याला काही अर्थ नाही. देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्या नाशिक विभागातल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता आणि तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. आपण परसात पाळतो म्हणून आपल्याला हे लागू नाही, असं मानू नका.

तुमच्याकडे एक रात्र सगळ्या एकत्र राहिल्या आहेत, पण म्हणून आता वेगळं ठेवून उपयोग नाही असं नाही. महिनाभर वेगळं ठेवणं उत्तम, दोन आठवडे तरी हवेतच. जागा जितकी लांब तितकी चांगली. गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर फार लांब कुठे जाणार? म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत किंवा घराच्या पुढच्या बाजूला सोय करा. भांडी वेगळी, झाडू वेगळा, चपलासुद्धा वेगळ्या. रोज आधी जुन्यांचं काम उरकायचं, मग नव्यांचं, आणि शेवटी साबणानं हातपाय धुवायचे. हा क्रम उलटा करू नका. या काळात दोन्हींकडे लक्ष ठेवा, कोणालाही कोंबडी देऊ नका, विकू नका. एखादी मेली तर हात न लावता दुहेरी पिशवीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आणि पटापट दोन-तीन गेल्या, तर काहीच न हलवता आधी दवाखान्यात कळवा.

लशीचंही याच दिवसांत बघून टाका. विकणाऱ्यानं ‘लस दिलीय’ म्हटलं तरी विश्वास ठेवण्याचं कारण नाही. आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना मानमोडीची आर2बी लस देतात, पण ती अंडी सुरू व्हायच्या आत दिलेली बरी, कारण अंड्यावरच्या कोंबड्यांत तिच्यामुळे अंडी घटू शकतात. म्हणून जुन्या पाच जणींचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कुपी सहसा शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा विरघळवली की थोड्याच वेळात वापरावी लागते. आसपास आणखी कोणी कोंबड्या पाळत असेल तर एकाच दिवशी सगळ्यांनी करून घ्या. लस घरी आणताना बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. जंताचं औषधही आत्ताच द्या आणि पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का ते पिसं उलटी करून बघा. कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून एका घमेल्यात ठेवली की कोंबड्या त्यात लोळतात, उवांना आळा बसतो.

हे सगळं नीट पार पडलं की मग ओळख करून द्यायची. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते: कोण कोणाला टोचू शकते आणि कोणी निमूट बाजूला व्हायचं. नॉर्वेचे थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवल्या आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला हे शास्त्रीय रीतीनं मांडलं. नवी आली की ही सगळी उतरंड पुन्हा लागते. तेव्हा थोडं टोचणं, पाठलाग, छाती काढून समोरासमोर उभं राहणं हे व्हायलाच हवं. आपलं काम एवढंच, की ते अंगावर न बेतता व्हावं.

त्यासाठी जाळी. खुराड्याच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत मधोमध बारीक भोकाची तारेची जाळी बांधा. मांजर-मुंगसाला वाट राहणार नाही इतकी पक्की. आपल्याकडे मळ्याकडच्या भागात बिबट्याही फिरतो, त्यामुळे रात्री दोन्हींकडच्या बंद खोपटातच हव्यात. दिवसभर एकीकडे जुन्या, दुसरीकडे नव्या. दोन्हींचं खाणं जाळीच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे शेजारी शेजारी खायची सवय लागते. पहिल्या दिवशी जुन्या जाळीवर धावून जातात. आठवडाभरात लक्ष देईनाशा होतात. धावणं थांबत नसेल तर आणखी आठवडा जाऊ द्या, घाई नको.

मग अंधार पडायच्या तासभर आधी जाळी उघडा आणि स्वतः तिथं थांबा. कोंबड्या तिन्हीसांजेला आपोआप दांडीकडे वळतात, त्यामुळे भांडायला वेळच कमी मिळतो. रोज थोडा वेळ वाढवा. खाण्याची तीन आणि पाण्याची दोन ठिकाणं करा, एका ठिकाणावरून दुसरं दिसणार नाही अशी. एक दांडगी कोंबडी एकच भांडं अडवू शकते, तीन नाही. लपायला आडोसे हवेत: द्राक्षाचे जुने क्रेट उलटे, भिंतीला तिरकी फळी, बाजरीच्या सरमाडाच्या दोन पेंढ्या. आडोशाला दोन तोंडं ठेवा, नाहीतर मार खाणारी आत सापडते.

‘रात्री गुपचूप दांडीवर नेऊन बसवा, सकाळी त्यांना कळतही नाही’ असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्यांना कळतं. पहाटे उजेड झाला की बंद जागेत ती अनोळखी कोंबडी समोर असते आणि पळायला वाव नसतो. तुमच्याकडे तेच झालं. जाळीआडची ओळख आणि संध्याकाळचं मोकळं फिरणं झाल्यावर मात्र रात्री दांडीवर बसवणं खरंच उपयोगी पडतं. फक्त पहिले काही दिवस फटफटायच्या आत दार उघडा.

रक्त निघालं, एखादीला दिवसभर खाऊच दिलं नाही, किंवा दोघी-तिघी मिळून एकीला दाबायला लागल्या तरच मधे पडा. तेव्हा मार खाणारीला नव्हे, मारणारीला तीन-चार दिवस दूर ठेवा. परत येते तेव्हा तिचा मान उतरलेला असतो आणि ती नरमते.

नऊ जणींना जागा पुरते का ते मोजा. आत प्रत्येकी दोन चौरस फूट तरी हवी, म्हणजे चार बाय पाचचं खुराडं. दांडी प्रत्येकी नऊ इंच धरून सात फूट. कमी पडत असेल तर आधी खुराडं वाढवा. दाटी असेल तर वरचं काहीही केलं तरी टोचणं थांबणार नाही.

खाण्यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात कॅल्शियम फार असतं आणि अंडी सुरू न झालेल्या तलंगांच्या मूत्रपिंडाला ते बाधतं. एकत्र झाल्यावर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. गरज असणारी आपली आपण खाते. जुन्यांची अंडी या धांदलीत थोडे दिवस कमी होतील, ते पूर्ववत होतं.

मेमध्ये तापमान चाळिशीला टेकतं तेव्हा आणि पावसाच्या सुरुवातीला, जेव्हा ओल्या तुसामुळे रक्ती हगवण वाढते, तेव्हा हा उद्योग टाळलेला बरा. आणायच्याच असतील तर ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी.

पुढच्या वेळी एखादी कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली तर मोठ्या तलंगा विकत घेण्यापेक्षा एक-दोन दिवसांची पिल्लं आणा, खात्रीच्या हॅचरीतून, लस दिलेली. रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवा आणि पहाटे ती त्यांना घेते का ते बघा. घेतली तर आई म्हणून ती सगळ्या कळपाला अंगावर घेते. पिल्लं तिच्या आडून वाढतात आणि त्यांना वेगळी ओळख करून द्यावीच लागत नाही. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो.

कोंबडा आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळवा. शांत स्वभावाचा कोंबडा असला तर कोंबड्यांची भांडणं तो स्वतः मधे पडून सोडवतो आणि नव्या लवकर सामावतात. पण नव्या चौघींत एखादा नर निघाला, तुरा आणि शेपटीची पिसं वाढायला लागली, तर गणित बदलतं. नऊ जणींत दोन कोंबडे नकोत. चौघींचा बाजूनं काढलेला एकेक फोटो टाका, बघून सांगतो.