ताप औषधानेच येतोय, मग ते काम काय करतंय?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला हिपॅटायटिस बी आहे. डॉक्टरांनी पेगिलेटेड इंटरफेरॉनचं इंजेक्शन दिलंय, आठवड्याला एक, असं ४८ आठवडे. इंजेक्शन घेतलं की त्याच रात्री थंडी वाजून ताप, अंग ठेचल्यासारखं दुखतं. आई म्हणते बंद करा हे. नक्की व्हायरस मरतोय की आमचा मुलगाच आजारी पडतोय? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आईंची काळजी अगदी रास्त आहे, पण स्वतःहून इंजेक्शन बंद करू नका. फ्लू झाला की जो ताप येतो, अंग मोडून येतं, त्यात व्हायरस आला की आपल्याच शरीराने बनवलेल्या इंटरफेरॉन नावाच्या प्रोटीनचाही हात असतो. आता तेच बाहेरून टोचलं जातंय, म्हणून भावाला दर आठवड्याला फ्लूसारखं होतंय. बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांनंतर हा त्रास कमी होतो.

आता आत काय होतं ते. इंटरफेरॉन व्हायरसला हातसुद्धा लावत नाही. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडनमन या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेऊन त्यात उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा व्हायरस घातला, मग त्यातलं पाणी काढून नव्या तुकड्यांवर टाकलं तर त्या नव्या तुकड्यांमध्येही जिवंत व्हायरस नीट वाढेना. म्हणजे पहिल्या पेशींनी काहीतरी बाहेर सोडलं होतं आणि त्याने शेजारच्या पेशी आधीच सावध झाल्या होत्या. मला हा प्रयोग फार आवडतो, सगळं औषध त्यात दिसतं.

इंटरफेरॉन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, आत जॅक१ आणि टीवायके२ नावाची एन्झाइम्स जागी होतात, ती स्टॅट१ आणि स्टॅट२ या प्रोटीनवर फॉस्फेट चढवतात, आणि ही जोडी आयआरएफ९ला सोबत घेऊन पेशीच्या केंद्रकात शिरते नि शेकडो जीन्स चालू करते. त्यातलं एक पीकेआर. पेशीत व्हायरसचा दुहेरी आरएनए दिसला की पीकेआर पेशीतलं प्रोटीन बनवण्याचं कामच थांबवतं, आणि व्हायरसकडे स्वतःची यंत्रणा नसते, तो आपल्या पेशीचीच वापरतो, त्यामुळे त्याचं अडतं. दुसरं एक एन्झाइम, आरएनेज एल, सरळ आरएनए कापत सुटतं. हिपॅटायटिस बीमध्ये व्हायरसचा डीएनए यकृताच्या पेशीच्या केंद्रकात दडून बसतो, इंटरफेरॉन त्याच्या नकला निघणं कमी करतं, पण तो डीएनए पूर्ण पुसून टाकणं सहसा जमत नाही.

शिवाय व्हायरस असलेल्या पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर जास्त दाखवायला लागतात, एनके पेशी आणि टी पेशी या शरीराच्या लढाऊ पांढऱ्या पेशींना ते ओळखू येतात, नि त्या अशा पेशींवर तुटून पडतात. म्हणूनच मध्येच कधी एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, एकदम वाढलेलं दिसतं. ते कधीकधी शरीर लढतंय म्हणूनही असतं, पण ते कशामुळे वाढलंय हे डॉक्टरांनीच ठरवायचं, घरी रिपोर्ट बघून आनंद नको आणि घबराटही नको.

पेग म्हणाल तर औषधाला जोडलेली एक लांब साखळी, तिच्यामुळे ते रक्तात टिकतं आणि आठवड्यातून एकदा पुरतं, पूर्वीचं साधं इंटरफेरॉन बहुतेक वेळा आठवड्यातून तीनदा टोचावं लागायचं. हिपॅटायटिस सीला आता गोळ्यांनीच भागतं. बीसाठी टेनोफोविर, एन्टेकॅविरसारख्या गोळ्या असतात, पण त्या बऱ्याचदा वर्षानुवर्षं चालतात, इंटरफेरॉनला ठरलेली मुदत असते, म्हणून काही निवडक पेशंटना ते देतात.

इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. रात्री झोपताना घेतलं तर बराचसा ताप झोपेत निघून जातो. पॅरासिटामॉल चालते पण यकृताचा पेशंट आहे, तेव्हा किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, थायरॉइड यांच्या तपासण्या चुकवू नका.

आणि तापापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती मनाची. या औषधाने काहींना डिप्रेशन येतं, अगदी जीव नकोसा वाटण्यापर्यंत, आणि पेशंटला वाटतं आपणच कमजोर झालोय. पूर्वी कधी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. भाऊ चिडचिड करायला लागला, झोप उडाली, बोलेनासा झाला तर पुढच्या इंजेक्शनची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि त्याला एकटं सोडू नका.