अमेरिकेतल्या राज्यांत कंट्रोलरला लोक का निवडतात? नुसते चेक काढायला निवडून आलेला माणूस कशाला? आपल्या कॅगसारखाच ना तो?

कॅगसारखा नाही. निदान आमच्या इलिनॉयमध्ये तरी नाही. इथे ऑडिट करणारा ऑडिटर जनरल वेगळा, त्याला विधिमंडळ १० वर्षांसाठी नेमतं. तिजोरी सांभाळणारा ट्रेझरर वेगळा. कंट्रोलर सरकारची बिलं चुकती करतो, आणि त्याला आम्ही मत देऊन निवडतो.

"नुसते चेक काढायला" हे तुमचे शब्द वाचले आणि माझे मोठे दीरच बोलताहेत असं वाटलं. ते नागपूरला सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झाले. दर फोनवर एकदा तरी म्हणतात, "अगं, निवडून आलेल्याकडे हिशेब देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." त्यांच्याशी फोनवर पुरतं बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

शिकागोच्या एका उपनगरात, म्हाताऱ्या माणसांना घरी मदतनीस पुरवणाऱ्या एका संस्थेत मी बिलिंग बघायचे. आंघोळ घालणं, जेवण करून देणं, ही कामं. पैसे राज्य सरकारचे. जुलै २०१५ मध्ये गव्हर्नर रौनर आणि विधिमंडळ यांचं फाटलं आणि पुढची दोन वर्षं राज्याचं पूर्ण बजेटच झालं नाही. कोर्टाच्या आदेशात बसणाऱ्या लोकांची बिलं निघत होती. बाकीच्यांसाठी तरतूदच नाही. तरतूद नसेल तर कंट्रोलरचाही हात बांधलेला असतो. आमच्या मदतनीस बायका पगार अर्धवट मिळत असतानाही कामावर जात होत्या, आणि "पैसे कधी?" हा फोन घ्यायची मी. मालक फोनवर कधी आले नाहीत.

३० जून २०१६ ला तात्पुरतं बजेट झालं. तरतूद आली, पण तिजोरीत रोख कुठे होती? मग रांग. कर्जाचे हप्ते, पेन्शन, शाळा, कोर्टाचे आदेश हे सगळे आधी. त्यातून जे उरेल ते कुणाला द्यायचं, हे मात्र कंट्रोलर ठरवतो. डायलिसिसवाल्याला, की छपाईवाल्याला? मी पत्र लिहिलं: इतके वृद्ध, इतक्या मदतनीस, अमुक शुक्रवारचा पगार अडलाय. काही रक्कम सुटली. (मालकांनी त्यातून आधी ऑफिसचं भाडं भरलं. तो राग अजून आहे.)

भाऊजींना एवढंच सांगायचंय की रांगेत कोण पुढे हे ठरवणं कारकुनी नव्हे, ते सरळ राजकारण आहे. मग ते ठरवणाऱ्याला आम्हाला मतपेटीतून घरी पाठवता आलं पाहिजे. तेव्हाच्या कंट्रोलर लेस्ली मंगर यांनी एप्रिल २०१६ मध्ये आमदारांचे पगारही त्याच रांगेत लावले. भाऊजी म्हणाले, तमाशा. असेल तमाशा. पण आमदारांनीच नेमलेल्या माणसाने ते केलं असतं का? नोव्हेंबरात मंगर हरल्या, सुझाना मेंडोझा आल्या. खात्यांनी अडकलेल्या बिलांची माहिती वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला द्यावी, असा कायदा त्यांनी आणवला. रौनरनी व्हेटो केला, विधिमंडळाने तो उलटवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये थकबाकी १६ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. ९० दिवसांनंतर महिन्याला एक टक्का व्याज, ते व्याजच अब्जावर गेलं. कॅगचा अहवाल सभागृहात येईपर्यंत आमच्या आज्यांपैकी किती जणी उरल्या असत्या?

आता दुसरी बाजू. इलिनॉयमध्येच ऑर्व्हिल हॉज नावाचा निवडून आलेला ऑडिटर होता. खोटे सरकारी चेक काढून त्याने लाखो डॉलर खाल्ले, १९५६ मध्ये पकडला गेला. पैसे देणारा आणि तपासणारा तोच होता ना! १९७० च्या राज्यघटनेने ती दोन कामं तोडली, म्हणून आजचा कंट्रोलर आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र कंट्रोलर ऑडिटही करतो आणि सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचा एकटा विश्वस्तही असतो. तिथला माजी कंट्रोलर अ‍ॅलन हेवेसी त्याच फंडाच्या लाचखोरीत २०११ मध्ये तुरुंगात गेला. टेक्सासात कर गोळा करणंही कंट्रोलरकडेच. बऱ्याच राज्यांत हे पद निवडणुकीने भरतच नाहीत. तेव्हा कुठल्या राज्याबद्दल विचारताय ते सांगा, माझा अनुभव इलिनॉयचा आहे.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे. हॉज आणि हेवेसी मीच आधी सांगून टाकलेत. त्यांना सोडून काही मुद्दा असेल तर लिहा.