लिलावात हुकलेला यशवंतराव होळकरांचा रुपया

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शके 1728 चा, संस्कृत श्लोक असलेला यशवंतराव होळकरांचा चांदीचा रुपया एका लिलावात आला होता. आपण प्रवासात असल्यामुळे बोली लावायची राहून गेली. आता तेच नाणे कोठे गेले असेल, ते मिळवता येईल का, आणि न मिळाल्यास दुसरे कोठे शोधावे, हे आपणांस हवे आहे. गेली बावीस वर्षे मी होळकरशाहीची नाणी जमवतो आहे आणि या काळात जेवढे लॉट (लिलावात एका क्रमांकाखाली विकायला ठेवलेली नाणी) मिळाले, जवळजवळ तेवढेच हुकले आहेत. तेव्हा हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी ते नाणे खरोखरच विकले गेले का, याची खात्री करून घ्यावी. ही पायरी नवे संग्राहक हमखास वगळतात. लिलावानंतर काही दिवसांत प्रत्येक लॉटला मिळालेल्या किमतींची यादी प्रसिद्ध होते. त्या यादीत आपल्या लॉटपुढे आकडा नसेल, किंवा तो क्रमांकच गाळलेला असेल, तर बोली राखीव किमतीपर्यंत (जिच्याखाली मालक विकत नाही ती किंमत) पोहोचली नाही आणि नाणे मूळ मालकाकडे परत जाण्याच्या वाटेवर आहे असे समजावे. अशा वेळी त्याच आठवड्यात लिलावगृहाला पत्र लिहिले तर बरेचदा राखीव किमतीच्या जवळपास, शिवाय लिलावगृहाचे प्रीमियम (बोलीवर घेणाऱ्याने द्यायची वरची रक्कम) व कर देऊन, नाणे मिळून जाते. दुसरी शक्यता अशी की बोली जिंकणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. हे वाटते तितके दुर्मीळ नाही, आणि मग लिलावगृह त्याच्या खालची बोली लावणाऱ्याला विचारते. त्यानेही नकार दिला, तर ज्याचे पत्र फाइलमध्ये आहे त्याचा विचार होतो.

यादीत आकडा असेल तर नाणे गेले. घेणाऱ्याचे नाव लिलावगृह सांगणार नाही, ते विचारूही नये. मात्र आपले पत्र त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची विनंती अवश्य करता येते. मी स्वतः असे पत्र चार-पाच ओळींच्या पुढे नेत नाही : “अमुक लिलावातील अमुक क्रमांकाचा लॉट घेतल्याबद्दल आपले अभिनंदन. मी होळकरांच्या नाण्यांचा संग्राहक आहे. हे नाणे आपण विकावे असा माझा मुळीच आग्रह नाही, परंतु पुढे कधी विकावेसे वाटल्यास कृपया मला आधी कळवावे. लिलावात आपण दिलेल्या एकूण किमतीचा मी योग्य विचार करीन. माझा पत्ता खाली देत आहे.” यात रक्कम लिहू नये. पहिल्याच पत्रात आकडा दिला की समोरचा माणूस तो आकडा किमान धरतो आणि पुढची सगळी बोलणी तेथून वर चढत जातात. उत्तर न आल्यास महिन्याभराने पुन्हा लिहिण्याचा मोह आवरावा. माझ्या एका पत्राला तीन वर्षांनी उत्तर आले होते.

घेणारा व्यापारी असेल तर गोष्ट निराळी. व्यापारी नाणे पेटीत ठेवण्यासाठी घेत नाही. ते काही महिन्यांत त्याच्या टेबलावर, दुसऱ्या लिलावात किंवा त्याच्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाकडे जाते. म्हणून या विषयातील दोन-तीन जाणत्या व्यापाऱ्यांना आपल्याला नेमके काय हवे आहे ते सांगून ठेवावे. मात्र दहा जणांना सांगू नये, कारण एकाच नाण्यासाठी दहा जणांकडून विचारणा झाली की त्या नाण्याला दहा गिऱ्हाइके आहेत असा समज पसरतो, आणि ती दहाही गिऱ्हाइके आपणच असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. घेणाऱ्याचा शोध घेण्यापेक्षा नाण्याची ओळख पक्की करून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. हाताने घण मारून पाडलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. ठसा किती सरकला आहे, कोणते अक्षर काठाबाहेर गेले आहे, कडेला चीर आहे का, सराफाने पारखताना मारलेला बारीक ठसा कोठे आहे, या खुणा माणसाच्या अंगावरच्या तिळासारख्या असतात. कॅटलॉगमधील दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोठ्या आकारात आजच जतन करावे, कारण लिलाव जुना झाला की काही संकेतस्थळांवरील मोठी चित्रे काढली जातात. लॉट क्रमांक, वजन, व्यास आणि आधीच्या संग्रहाचा उल्लेख असल्यास तोही लिहून ठेवावा. वजन दोन दशांशांपर्यंत लिहावे, 11.2 आणि 11.24 यांतला फरक पुढे कामास येतो.

याचा अनुभव मला असा आला. एका लिलावात महेश्वर टांकसाळीचा बेलपत्र आणि शिवलिंग असलेला रुपया होता, त्या वर्षाचा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. फोनवरून बोली लावण्यासाठी रीतसर नाव नोंदवले होते, पण माझा लॉट आला तेव्हा फोन आलाच नाही. दिलगिरी मात्र दुसऱ्या दिवशी आली. पाच वर्षांनी पुण्यातील एका नाणे प्रदर्शनात एका टेबलावर साध्या होळकरी रुपयांच्या ट्रेमध्ये मला तो दिसला. शिवलिंगाच्या उजवीकडे चंद्रकोरीसारखा सराफी ठसा, आणि घड्याळातील सातच्या जागी कडेला केसासारखी चीर. घरी जाऊन जुने छायाचित्र काढून पाहण्याची गरजही नव्हती, तरी पाहिले. विक्रेत्याला त्या वर्षाचे महत्त्व ठाऊक नव्हते. मी दिलेली किंमत मात्र पाच वर्षांपूर्वी मनाशी ठरवलेल्या रकमेपेक्षा थोडी अधिकच होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

ही ओळख हाताशी असली की जुन्या लिलावांच्या संग्रहांत शोध घेता येतो. एसीसर्च आणि कॉइनआर्काइव्हज या संकेतस्थळांवर पूर्वीच्या लिलावांची नोंद सापडते, आणि झेनो या संकेतस्थळावर पौर्वात्य नाण्यांची छायाचित्रे अभ्यासकांनी चढवलेली असतात. शोधताना नावाच्या स्पेलिंगमध्ये अडकू नये. इंग्रजी कॅटलॉगमध्ये हे नाणे ‘यशवंतराव’पेक्षा ‘जसवंतराव’ या नावाखाली अधिक सापडते, कधी ‘येशवंत’, कधी नुसते ‘इंदूर संस्थान’, कधी नाण्यावरील श्लोकातल्या ‘इंद्रप्रस्थ’ या शब्दाखाली. ‘येशवंत’ हा प्रकार चुकीचा म्हणून सोडू नये, कारण नाण्यावरच तसे कोरलेले आहे. लंडन आणि कॅलिफोर्नियातील लिलावांतही भारतीय संस्थानांची नाणी नियमित येतात, म्हणून शोध भारतापुरता ठेवू नये. नव्या मालकाने नाणे एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी पारखून दर्जा देणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून स्लॅबमध्ये (प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत) बंद करून घेतले, तर पुढच्या विक्रीत वजन सहसा दिले जात नाही. तेव्हा जुन्या छायाचित्रावरील खुणा हीच एकमेव ओळख उरते.

हे विशिष्ट नाणे मिळाले नाही तर त्याच प्रकारचे दुसरे घ्यावे काय? माझे मत, जरूर घ्यावे, पण हा प्रकार का मोलाचा आहे ते नीट समजून. त्या काळातील मराठा सरदारांचे रुपये बहुधा मोगल बादशहाच्या नावाने, फारसी लिपीत पाडलेले आहेत. अहिल्याबाईंच्या बेलपत्राच्या रुपयावरही बादशहा शाह आलमचेच नाव आहे. शके 1728, म्हणजे 1806-07, च्या या रुपयावर मात्र नागरी लिपीत संस्कृत श्लोक आहेत. एका बाजूला ‘लक्ष्मीकांतपदांभोजभ्रमरायितचेतसः’, म्हणजे विष्णूच्या चरणकमली ज्याचे चित्त भुंग्यासारखे जडले आहे अशा येशवंताची ही विख्यात मुद्रा. आणि दुसऱ्या बाजूला इंद्रप्रस्थी स्थित असलेल्या चक्रवर्ती राजाच्या प्रसादाने ही मुद्रा केली आहे असे सांगितले आहे. इंद्रप्रस्थीचा राजा म्हणजे दिल्लीचा बादशहा. आदल्याच वर्षाच्या, म्हणजे 1805 च्या, अखेरीस यशवंतरावांचा इंग्रज सेनापती लॉर्ड लेकशी तह झाला होता आणि दिल्ली इंग्रजांच्या ताब्यात होती. लिपी आपली, भाषा आपली, देव आपला आणि तरी सार्वभौमत्वाचा मान दिल्लीला, हे सारे एका रुपयात मावले आहे. म्हणून त्याच्यामागे लागणारे पुष्कळ आहेत, आणि म्हणूनच नकलाही पुष्कळ आहेत.

गाजलेल्या लिलावानंतरचे पहिले वर्ष नकलांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असते. ज्यांचे नाणे हुकले ते अधीर झालेले असतात आणि कॅटलॉगमधील उत्तम छायाचित्र साऱ्यांना उपलब्ध झालेले असते. ओतीव नक्कल ओळखणे त्या मानाने सोपे : अक्षरांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या गोल दिसतात, पृष्ठभागावर बारीक पुळ्या असतात आणि कडेला साच्याचा सांधा घासून काढल्याच्या रेघा असतात. नवा ठसा कोरून पाडलेली नक्कल अधिक फसवी. तिच्यासाठी मी एक घरगुती तपासणी करतो. सराफाच्या बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, नाणे दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला अथवा काठाला टेकणार नाही असे धरावे, आणि काट्यावर दिसणारा आकडा टिपावा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते. नाण्याचे कोरडे वजन 11.20 ग्रॅम असेल आणि काटा 1.08 च्या आसपास दाखवत असेल, तर घनता सुमारे 10.4 येते. शुद्ध चांदीची घनता 10.49 आहे, म्हणजे धातू चांगल्या चांदीचा आहे. तोच आकडा 1.30 च्या आसपास आला तर घनता 8.6 इतकी खाली येते. ती जर्मन सिल्व्हर (नावात चांदी असली तरी तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू) किंवा पितळेसारख्या धातूची असते, मग वर मुलामा कितीही चांगला असो. ही तपासणी धातू सांगते, वय सांगत नाही. खऱ्या चांदीत पाडलेली नक्कल तिच्यातून सहज पार होते. त्यामुळे ठशाची तुलना पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खात्रीच्या नमुन्यांशी करावीच लागते. अशा तुलनेसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जाऊन एखादा दिवस बसण्याची तयारी असेल तर तो दिवस वाया जाणार नाही.

कायद्याबद्दल दोन वाक्ये. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, ती विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे आणि त्यावर नाण्याचे वर्णन व वजन लिहून घ्यावे. ‘शेतात सापडले, बिल नाही’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, कारण जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

राहिला किमतीचा प्रश्न. लिलावात मिळालेली किंमत ही दोन हट्टी माणसांनी त्या दुपारी ठरवलेली असते. त्याच नाण्यासाठी, किंवा त्याच्या भावंडासाठी, आपण किती द्यायला तयार आहात तो आकडा प्रीमियम व कर धरून आजच एका कागदावर लिहावा, आणि पुढच्या वेळी प्रवास असला तर लेखी बोली आधीच पाठवून तिची पोच मागून घ्यावी. आपण पाहिलेल्या लॉटचे छायाचित्र मला पाठवल्यास तोच नमुना पूर्वी कोठे येऊन गेला आहे का, हे माझ्या जुन्या कॅटलॉगांतून पाहून कळवीन.